सही करायच्या आधी उचलीचं विचारा

*हर्णै परिसरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. लांब आहे, म्हणून थोडक्यात देते.*

"पाजपंढरीच्या बाजूला आमची मासळीची शेड आहे. चिंगूळ (कोळंबी) सोलणं, म्हाकूल (स्क्विड) साफ करणं, बर्फात पॅक करून पुढच्या कंपनीला पाठवणं असं काम चालतं. अठरा बायका आहेत, सगळ्या सोललेल्या किलोवर. माझ्या धाकट्या दिरांच्या दोन ट्रॉलर बोटी आहेत. आधी निम्मी मासळी हर्णैला उतरायची, आता गेले दोन हंगाम ते परस्पर मुंबईला ससून डॉकला जातात. महिन्यातले दहा-दहा दिवस बायका नुसत्या बसून असतात. आता आमच्या मच्छीमार सोसायटीत ठराव येतो आहे, की ज्या बोटीची नोंदणी इथली आणि डिझेलचा परतावाही इथल्या सोसायटीतून, तिने निम्मी मासळी इथेच उतरवावी, तशी अट परवान्यात घाला, अशी सरकारकडे मागणी करायची. माझा भाचा स्कॉटलंडला असतो, तो म्हणाला तिकडे असा कायदा आहेच. ठरावावर सह्या गोळा चालल्यात. दीर म्हणाले, वहिनी, तुम्ही सही केलीत तर आपलं बोलणं संपलं. काय करू?"

ताई,

मी सव्वीस वर्षं एका मच्छीमार सोसायटीत हिशेबाच्या वह्या लिहिल्या. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला आधी तुमचे दीर दिसले नाहीत, त्यांची वही दिसली. त्या वहीकडे मी येतेच. आधी तुमच्या भाच्याचं.

भाचा खोटं बोलत नाही. ब्रिटनमध्ये हा वाद जुना आहे. स्पेनच्या मालकांनी ब्रिटनमध्ये बोटी नोंदवायच्या, ब्रिटनच्या वाट्याला ठरवून दिलेली मासळी (कोटा) मारायची आणि मासळी स्पेनला उतरवायची, असं सुरू झालं. 1988 मध्ये ब्रिटनने कायदा केला की मालक ब्रिटिशच हवा. तो युरोपच्या न्यायालयात टिकला नाही. मग मालकाचं सोडून त्यांनी परवाना धरला. 1999 पासून परवान्यात अट आली: कोट्यातली निम्मी मासळी ब्रिटनच्या बंदरात उतरवा, किंवा निम्मे खलाशी इथल्या किनाऱ्यावरचे ठेवा, किंवा दुसऱ्या काही मार्गाने इथल्या किनाऱ्याला फायदा होतोय हे दाखवा. स्कॉटलंडने 2023 पासून ती अट घट्ट केली. मॅकरेल (आपल्या बांगड्याचा चुलतभाऊ) आणि हेरिंग यांच्यासाठी पहिल्या वर्षी 30 टक्के, 2024 मध्ये 40 आणि 2025 मध्ये 55 टक्के माल स्कॉटलंडमध्येच उतरवायचा. ज्याला ते जमत नाही त्याने आपल्या कोट्यातला काही भाग सरकारला द्यायचा. त्यांची तक्रार अगदी तुमच्यासारखीच होती: बोटी आपल्या, मासळी जाते नॉर्वेला आणि पीटरहेड, फ्रेझरबरा, शेटलंड इथल्या कारखान्यांना माल पुरत नाही.

आता यातलं बारीक अक्षर बघा. त्यांची अट "स्कॉटलंडमध्ये उतरवा" एवढंच म्हणते. पीटरहेडलाच उतरवा असं म्हणत नाही. त्या मापाने मोजलं तर तुमचे दीर आजच शंभर टक्के नियमात आहेत, कारण हर्णैही महाराष्ट्रात आणि ससून डॉकही महाराष्ट्रात. परवाना देणारं सरकार राज्याचं, त्याच्या दृष्टीने मासळी घरातच राहिली. तुमच्या सोसायटीला हवा आहे तो नियम बंदरापुरता आहे. तो वेगळा प्राणी झाला, आणि त्याचं उदाहरण स्कॉटलंडला शोधून उपयोग नाही.

त्याचं उदाहरण नॉर्वेत आहे, आणि ते फार गोड नाही. उत्तर नॉर्वेतल्या काही कॉड ट्रॉलरना परवाने देताना अट घातली होती की मासळी किनाऱ्यावरच्या ठरलेल्या गावांतल्या कारखान्यांना द्यायची. हेतू तुमच्या ठरावासारखाच होता, गावातलं काम गावात राहावं. पुढे अट सैल होत होत "द्यायची" याचं "देऊ करायची" झालं. बाजाराच्या सरासरी भावाने स्थानिक कारखान्याला देऊ केली, त्याने घेतली नाही किंवा त्याला परवडली नाही, की बोट मोकळी. बरीचशी मासळी गोठवून, न कापता, तशीच बाहेर गेली. कागदावर अट पाळली गेली आणि गावातल्या सुऱ्या मात्र कोरड्या राहिल्या. तिकडे यावर किती वर्षं भांडणं चालली आहेत ते तुमच्या भाच्याला नेटवर सापडेल.

म्हणजे अट घालून काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. अट मोजता येते तिथे ती लागू होते. स्कॉटलंडच्या मॅकरेलच्या बोटी थोड्या आणि अवाढव्य. मासळी थंड पाण्याच्या टाक्यांत, पंपाने कारखान्यात ओढली जाते, टनावर नोंद होते, प्रत्येक बोटीचा वर्षाचा कोटा ठरलेला. 55 टक्के म्हणजे किती हे कारकुनालाही सांगता येतं. आपल्याकडे बोटीला कोटाच नाही. तुमच्या दिरांनी वर्षात एकूण किती किलो मारली हे कुठल्या कागदावर आहे? हर्णैला मोठी बोट समोर खोल पाण्यात उभी, मासळी होडीत, होडीतून बैलगाडीत, बैलगाडीतून वाळूवर आणि तिथे ढिगावर नि टोपलीवर बोली. काटा आहे कुठे? ठरावात "निम्मी" लिहिलंय, ताई. निम्मी कशाची, हे विचारा सभेत. उत्तर येणार नाही.

आणि बंदराचंही तेच. जोराचा वारा सुटला की हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत पळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. धक्क्याची वाट बघण्यात तुमच्याकडच्या दोन पिढ्या गेल्या. जिथे बोटीला नीट लागता येत नाही तिथे लागायची सक्ती करणारा कागद तांडेल (बोटीचा कप्तान) कसा वाचेल? चहाच्या टपरीवर हसत वाचेल.

आता वहीकडे येते.

स्कॉटलंडच्या बोटी नॉर्वेला का जात होत्या, हे कुणी सांगितलं का भाच्याला? भाव जास्त, हे खरंच. पण तिथली पद्धतही बघण्यासारखी आहे. नॉर्वेत बांगड्या-हेरिंगची पहिली विक्री कायद्यानेच मच्छीमारांच्या एका विक्री संघामार्फत होते. बोट समुद्रात असतानाच मासळीचा आकार, वजन, कुठे पकडली ते कळवलं जातं, कारखाने बोली लावतात आणि बोट ज्याची बोली लागली त्याच्या धक्क्याला जाते. किमान भाव ठरलेला असतो. पैशाचं संघ बघतो. मालकाला कारखान्याच्या दारात उभं राहून "साहेब, मागच्या महिन्याचे?" असं विचारावं लागत नाही. मला विचाराल तर बोटीला खेचणारी खरी दोरी ही आहे. भावापेक्षाही.

आपल्याकडे ती दोरी उलट्या बाजूने बांधलेली असते. तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिलेली नाही, बहुधा तुम्हाला माहीत नसेल: दिरांनी दोन हंगामांपूर्वी इंजिन बदललं का, नवी जाळी घेतली का, की दुसरी बोट तेव्हाच आली? आणि पैसे कुठून आले? बँक मच्छीमाराला किती पटकन उभं करते ते आपण जाणतो. मुंबईचा व्यापारी मात्र पावसाळी मासेमारी बंदीच्या दिवसांत, बोटी शाकारलेल्या असताना, येतो आणि उचल देऊन जातो. व्याज म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की मासळी आमच्याकडे लावा. मग हंगामभर मासळी त्याच्या काट्यावर, भाव त्याचा, कमिशन त्याचं आणि उचल काही फिटत नाही. पुढच्या नारळी पौर्णिमेला परत थोडी वाढते.

मी नोकरीला लागून दुसरंच वर्ष असेल. एक तांडेल ऑफिसात आला, बर्फाचं बिल भरायला. मी सहज म्हटलं, काका, काल तुमची बोट समोरून गेली ना, इथे का नाही लावली? इथे पापलेटला कालच चांगली बोली लागली होती. तो काही बोलला नाही. खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. व्यापाऱ्याचं नाव आणि एक आकडा. त्या वेळच्या माझ्या चार वर्षांच्या पगाराएवढा. चिठ्ठी परत घडी करून खिशात घातली आणि बर्फाचे पैसे मोजायला लागला. आमच्याही सोसायटीने त्या काळात असाच एक ठराव केला होता, मीच तो सुवाच्य अक्षरात लिहिला होता. त्या ठरावाने त्या चिठ्ठीचं काय होणार होतं, हा प्रश्न सभेत कुणीच विचारला नव्हता, मीही नाही.

म्हणून आधी उचलीचं विचारा. उचल असेल तर तुमच्या सहीने दीर दोन बाजूंनी अडकतात: इथे उतरवली तर व्यापारी गळा धरतो, तिथे उतरवली तर परवाना अधिकारी. अशा वेळी माणूस तिसरी वाट काढतो. मासळी समुद्रातच दुसऱ्या बोटीवर चढवतो आणि बंदरात चार टोपल्या दाखवायला आणतो. मग तुमच्या शेडलाही मासळी नाही आणि नोंदही खोटी.

नोंद खोटी झाली की फटका कुणाला बसतो माहीत आहे? तुम्हाला. तुमचा माल पुढे ज्या कंपनीला जातो ती युरोपला पाठवत असेल तर 2010 पासून तिला कॅच सर्टिफिकेट लागतं. कुठल्या बोटीने, कधी, कुठे पकडली, कुठे उतरवली, हे सगळं बोटीच्या नोंदणी क्रमांकासकट. आपल्याकडे हे काम एमपीईडीए (केंद्राची समुद्री मालाच्या निर्यातीची संस्था) बघते, बंदरांवर त्यांची माणसं नोंदी घेतात. चार बोटींची मासळी एका टेम्पोत मिसळून आली की तिला बाप राहत नाही आणि कंपनी भाव पाडते. चिंगळाचं आणखी एक दुखणं तुम्हाला ठाऊक असेलच: कासव सुटून जाईल असं साधन आपल्या ट्रॉलच्या जाळ्यात नसतं म्हणून अमेरिका समुद्रातली कोळंबी काही वर्षांपासून घेत नाही, तळ्यातली घेते. तुमच्या अठरा बायकांच्या किलोमागच्या मजुरीत ती कासवंही बसलेली आहेत.

पण याच कागदात तुमची ताकद आहे. बोट हर्णैला लागली, मासळी तासाभरात शेडमध्ये आली, बोटीचा नंबर वेगळ्या क्रेटवर लिहिला, असं तुम्ही करू शकता. ससून डॉकच्या पहाटेच्या गर्दीत ते कुणाला जमत नाही. हे कंपनीला दाखवा आणि किलोला दोन-चार रुपये वाढवून मागा. मिळाले तर ते दिरांच्या भावात घाला.

आता दिरांशी काय बोलायचं ते. निम्म्या मासळीचा हट्ट सोडा. पापलेट, सुरमई, हलवा यांना मुंबईच योग्य, तिथे ताज्या माशाला गिऱ्हाईक उभं असतं आणि तुमच्या शेडमध्ये त्यांचं काही काम नाही. तुम्हाला हवं चालू चिंगूळ, टायनी (बारीक कोळंबी), म्हाकूल. सोलायला हात लागतात ते. मुंबईच्या फेरीत याच मालाचा बर्फात जीव जातो आणि भाव पडतो. तेवढंच मागा. भाव त्या दिवशीच्या ससून डॉकच्या बोलीला बांधा. त्यातून मुंबईपर्यंतचं जादा डिझेल, बर्फ आणि दलालाचं कमिशन वजा करा. किती लिटर लागतं ते दिरांना झोपेतही सांगता येईल. उरलेल्या आकड्यावर दोन रुपये वर द्या. समजा मुंबईत 180 ची बोली लागली आणि किलोमागे 25 रुपये वाटेतच संपतात, तर तुमचे 157 त्यांना 180 पेक्षा बरे पडतात. हे कागदावर मांडा, दोघांच्या सह्या घ्या. घरातल्या घरात कसला कागद, असं सासूबाई म्हणतील. म्हणू द्या.

आणि पैसे त्याच दिवशी. इथे तुम्हाला मी थोडं टोचणार आहे. तुम्ही पत्रात लिहिता, "कंपनीचे पैसे आले की आम्ही बोटवाल्यांना देतो." कंपनीचे पैसे महिन्याने येतात ना? मग बोट तुमच्याकडे का लागेल? खलाशी नेपाळचा असो नाहीतर कर्नाटकचा, त्याला फेरी संपली की पैसे लागतात. दिरांनी ते कुठून द्यायचे? नातं आहे म्हणून महिनाभर थांबतील, दोन हंगाम थांबलेही असतील आणि मग गेले. तुमच्या बायकांचा बचत गट आहे का? दोन आठवड्यांच्या खरेदीपुरतं खेळतं भांडवल उभं करणं हे तुमचं पहिलं काम. ठरावाच्या आधीचं.

दुसरं म्हणजे दिरांच्या दोन बोटींकडे बघता बघता तुम्ही एका गोष्टीकडे पाठ केली आहे. बुरोंडी, आडे, केळशी इथल्या छोट्या होड्या मुंबईला जाऊच शकत नाहीत. त्या रोज संध्याकाळी आपल्याच किनाऱ्याला लागतात, कुठल्याही अटीशिवाय. त्यांचं चिंगूळ थोडं असतं पण त्याच दिवसाचं असतं. एक टेम्पो, एक काटा, बर्फाचे चार बॉक्स आणि रोख पैसे घेऊन कुणीतरी रोज त्या वाटेवर फिरलं तर अठरा नाही तरी दहा जणींचं रोजचं काम सुटेल असा माझा अंदाज आहे. छोट्या होडीवाल्याला व्यापारीही विचारत नाही, त्यामुळे तो तुम्हाला सोडणार नाही.

एक सावधगिरी. रोख पैसे घेऊन फिरलात की कोणी बारीक मासळीही आणून देईल. घेऊ नका. राज्याने 2023 मध्ये 54 जातींची किमान लांबी ठरवली आहे. पापलेट 135 मिलिमीटर, बांगडा 140. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयातून यादी आणा आणि शेडच्या भिंतीवर फूटपट्टीसकट लावा. कंपनीचा माणूस बघायला आला की त्याची नजर आधी तिथे जाते.

राहिली सही. आहे त्या ठरावावर करू नका. दिरांनी धमकी दिली म्हणून तर मुळीच नाही. ते त्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर पुढच्या प्रत्येक गोष्टीला तीच धमकी येईल. सभेला मात्र जा आणि ठराव बदलून मागा. सक्तीची ओळ काढा. त्या जागी लिहा: बंदरावर सरकारी काटा हवा आणि प्रत्येक बोटीच्या मासळीची वजनावर नोंद हवी, बर्फाची आणि धक्क्याची सोय झाल्याशिवाय कुठलीही अट नको, आणि जी बोट स्वखुशीने इथे माल उतरवते तिचा डिझेलचा परतावा आधी निघावा. शेवटच्या ओळीवर भांडण होईल, परतावा सगळ्यांचाच रखडतो. होऊ द्या. शिक्षेपेक्षा हे भांडण बरं. वजनाची नोंद एकदा दोन-तीन हंगाम झाली की मग "निम्मी" म्हणजे किती हे तरी कळेल, आणि तेव्हा अटीचा विचार करायला माझी हरकत नाही.

31 जुलैपर्यंत बंदी आहे. म्हणजे व्यापाऱ्यांचे फोन आत्ताच यायला लागले असतील. दिरांकडे या आठवड्यातच जा. बोटीच्या कामावरून आल्या आल्या नको, डांबराच्या हाताने माणूस कुणाचं ऐकत नाही. जेवणं झाली की बसा आणि पहिला प्रश्न मासळीचा विचारू नका. उचल किती आहे ते विचारा. आकडा कळला की मला परत लिहा. तो तीन हंगामांत कसा फेडता येईल याचं कोष्टक मी मांडून देते.